आराखडा त्यांचा, योजना आमची

पिंपरी-चिंचवड महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा मे २०२५ मध्ये जाहीर झाला आणि आमच्या वस्तीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नकाशाचे तुकडे फिरू लागले. आपल्या घरावरून रस्ता जातो का, आरक्षण पडले का, निळ्या पूररेषेत आपण येतो का, एवढीच ज्याला त्याला चिंता. हजारो हरकती नोंदवल्या गेल्या. मी ज्या वाचल्या त्यातल्या बहुतेक "माझे घर वाचवा" या एका वाक्यात बसतील. हे स्वाभाविक आहे. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर धोक्यात आहे तो शहराच्या भवितव्यावर निबंध लिहीत बसत नाही. पण ज्यांच्याकडे वाचवायला घरच नाही, त्यांची हरकत कोणी लिहिली? दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत चौघे-पाच जण राहणारा कंत्राटी कामगार, सोसायट्यांत झाडलोट करणारी बाई, रात्रपाळीचा वॉचमन. यांच्या नावे सातबारा नाही, मिळकत कराची पावती नाही. नकाशावर बोट ठेवावे असा ठिपकासुद्धा त्यांच्या मालकीचा नाही.

या लेखात मला त्यांच्याविषयी बोलायचे आहे. आणि थोडे आपल्या चळवळीविषयीही, कारण या प्रश्नावर आपण फार गाफील राहिलो आहोत असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारचे दोन प्रकारचे कागद असतात. एक आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली तो तयार होतो, राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि पुढची वीस वर्षे शहराला बांधून ठेवतो. रस्ता कुठून जाणार, कोणती शेतजमीन रहिवासी क्षेत्रात येणार, कोणाच्या जमिनीचा भाव एका सहीने कित्येक पट होणार, हे तो ठरवतो. दुसरा कागद म्हणजे योजना. शासन निर्णय निघतो, योजनेला कोणाचे तरी नाव दिले जाते, निधी येतो, अर्ज मागवतात, सोडत काढतात, चावी देतानाचा फोटो छापून येतो. निधी आटला की योजनाही आटते. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांचा विचार आराखड्यात होतो, ज्यांच्याकडे नाही त्यांचा योजनेत. म्हणून त्यांना शहराचे नागरिक म्हणतात आणि आम्हाला लाभार्थी.

आराखडा करताना वीस वर्षांनंतरची लोकसंख्या किती असेल याचा अंदाज बांधला जातो. त्या लोकसंख्येला बागा किती, शाळा किती, दवाखाने, भाजी मंडया, वाहनतळ किती लागतील याचा मानकांप्रमाणे हिशेब होतो. स्मशानभूमीचासुद्धा होतो. मात्र या वाढीव माणसांत किती जण पाच हजार भाडे देऊ शकतील, किती जणांना दहा लाखांचे घर परवडेल आणि किती जणांना काहीच परवडणार नाही, हा तक्ता मी आजवर पाहिलेल्या एकाही आराखड्यात मला सापडलेला नाही. घरांसाठी नकाशावर पिवळा रंग असतो. पिवळा म्हणजे रहिवासी. तिथे दोन कोटींचा फ्लॅट उभा राहो की पत्र्याची चाळ, नकाशाला सगळे पिवळेच.

आमचे शहर याचे उत्तम उदाहरण आहे, कारण हे शहर आपोआप वाढलेले नाही, ते सरकारने ठरवून वाढवले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळावर कारखाने उभे राहत गेले. कारखान्यांना भूखंड मिळाले, रस्ता मिळाला, पाण्याची लाइन मिळाली, वीज मिळाली. यंत्र कुठे बसेल हे आधी ठरले. यंत्र चालवणारा रात्री कुठे झोपेल हे सरकारला पुष्कळ उशिरा आठवले. १९७० मध्ये चार गावे मिळून नगरपालिका झाली, १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, १९८२ मध्ये महापालिका आली. प्राधिकरणाच्या स्थापनेमागचा घोषित हेतूच हा होता की, औद्योगिक कामगारांना परवडतील अशी घरे द्यायची. त्यासाठी आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या.

त्याच १९७२ च्या दुष्काळाने माझ्या वडिलांना तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून इकडे आणले. मराठवाड्यातले अर्धेअधिक महारवाडे आणि मांगवाडे तेव्हा रिकामे झाले असतील. वडील भोसरीच्या एका फाउंड्रीत हेल्पर होते, कायम कधीच झाले नाहीत. आई निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांमध्ये धुणीभांडी करायची. आजही प्राधिकरण म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर रुंद रस्ते, झाडांची सावली आणि टुमदार बंगले येतात. प्राधिकरणाने छोटी घरे बांधलीच नाहीत असे मी म्हणणार नाही, काही बांधली, पण नाव झाले ते बंगल्यांचे. कामगारांसाठी म्हणून घेतलेल्या जमिनीवर कामगाराची बायको रोज सकाळी सातला जायची, दुपारी दोनला परत यायची, आणि तिथल्या मालकिणीने दिलेली शिळी भाजी आम्ही संध्याकाळी खायचो. मला त्या बाईंविषयी तक्रार नाही. त्यांच्या यजमानांनीही कर्ज काढून घर बांधले होते. तक्रार आहे ती हेतू आणि हिशेब यांच्यातल्या अंतराबद्दल.

मग बाकीच्या कामगारांनी काय केले? जे कोणीही करेल तेच. रहाटणी, काळेवाडी, थेरगाव, वाल्हेकरवाडी या भागांत गुंठा, अर्धा गुंठा जागा घेतली, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केली, भिशी उचलून आणि बायकोचे मंगळसूत्र मोडून विटा आणल्या. त्यातल्या कितीतरी जमिनी संपादनाच्या किंवा आरक्षणाच्या कचाट्यातल्या होत्या, हे घेणाऱ्याला कोणी सांगितले नाही. विकणाऱ्याला माहीत होते, कार्यालयांना माहीत होते, त्या घरांना वीज आणि नळजोड देणाऱ्यांनाही माहीत होते. २०१७ मध्ये रिंगरोडच्या नोटिसा आल्या तेव्हा हजारो कुटुंबे रस्त्यावर उतरली. ती रेषा कित्येक वर्षांपासून नकाशावर होती म्हणे! नकाशा वाचता येणाऱ्यांसाठी होती.

सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. अनधिकृत बांधकामांवर नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. प्रत्येक नियमितीकरण म्हणजे आराखडा फसल्याची सरकारने दिलेली लेखी कबुली असते. जूनच्या पावसाळ्यात २०२१ साली ते प्राधिकरणही विसर्जित झाले. विकसित भाग महापालिकेकडे गेला, मोकळ्या जमिनी पीएमआरडीएकडे गेल्या. जवळपास पन्नास वर्षांत नेमक्या किती कामगारांना घर मिळाले, असा जाहीर हिशेब कुणी मागितला नाही. आपणही नाही.

एक गोष्ट मात्र या शहरात बरी झाली होती, तीही सांगितली पाहिजे. आम्ही वाढलो ती निगडीची ओटास्कीम. आज तिला लोक झोपडपट्टी म्हणूनच ओळखतात. पण तिच्या नावातच एक विचार आहे. सरकारने जमिनीचा छोटा तुकडा द्यायचा, त्यावर ओटा बांधून द्यायचा, पाणी-रस्ता-संडासाची सोय करायची आणि वरचे घर माणसाने आपल्या कुवतीने, आपल्या वेगाने बांधायचे. पहिल्या वर्षी पत्रा, पाचव्या वर्षी भिंत, मुलगी शिकून नोकरीला लागली की स्लॅब. मुंबईत जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ नंतर चारकोप, गोराई या भागांत याच धर्तीचे मोठे काम झाले आणि ते आजही उभे आहे. गरिबाला आधी जमीन लागते, घर तो बांधतो, हे त्या काळातल्या काही नियोजनकारांना कळले होते. पुढे हा विचार मागे पडला. जमिनीचा भाव वाढला तसे गरिबाला जमिनीवर ठेवणे परवडेना, त्याला उचलून इमारतीत उभे रचायचे ठरले. ओटास्कीमच्याच सेक्टर २२ मध्ये जेएनएनयूआरएमखाली पुनर्वसनाच्या इमारती बांधायला घेतल्या आणि नंतर प्रकरण कोर्टात गेले, कारण जागा संरक्षण खात्याच्या रेड झोनमध्ये येत होती. इमारती वर्षानुवर्षे अर्धवट उभ्या राहिल्या. रेड झोनची रेषा बंगले बांधणाऱ्यांना दिसते, गरिबांसाठी इमारत बांधताना ती कोणालाच दिसत नाही, हे कसे?

आता योजनांकडे येऊ. २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली, २०२२ पर्यंत सर्वांना घरे हे तिचे वचन. आमच्या महापालिकेने चऱ्होलीत १४४२, बोऱ्हाडेवाडीत १२८८ आणि रावेतला ९३४ अशी एकूण ३६६४ घरे जाहीर करून २०२१ मध्ये सोडत काढली. रावेतचा प्रकल्प जागेच्या वादात अडकला. या शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत दहा लाख होती, २०११ मध्ये सव्वासतरा लाख झाली, त्यानंतर जनगणनाच झाली नाही. दहा वर्षांत सात लाख माणसे वाढणाऱ्या शहरात ३६६४ घरे! मी त्या सोडतीचे अर्ज भरायला लोकांना मदत करत होतो. वस्तीतल्या समाजमंदिरात टेबल टाकून आम्ही बसायचो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, देशात कुठेही पक्के घर नसल्याचे शपथपत्र. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा म्हणजे गावची कोतवाल बुकाची नक्कल, म्हणजे गावाला दोन चकरा, म्हणजे चार दिवसांची मजुरी.

केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख अनुदान वजा जाता लाभार्थ्याने भरायची रक्कम सहा-सात लाखांच्या घरात होती. बाजारभावाच्या मानाने हे घर फुकटच म्हणायचे, असे मला एका सुशिक्षित मित्राने ऐकवले. त्याने जरा हिशेब करावा. सहा लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षे. हप्ता साधारण चोपन्नशे रुपये. त्यावर देखभाल खर्च, लिफ्टचे बिल, आणि चऱ्होलीहून कामावर यायचे दोन बस बदलण्याचे भाडे. पगार तेरा हजार, तोही ठेकेदार देईल तेव्हा. आमच्या गल्लीतल्या एका भगिनीला सोडतीत घर लागले. ती चार घरी स्वयंपाक करते. पेढे वाटून झाले, मग ती एका बँकेत गेली. बँकेने तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागितली. तीन लाखांच्या आत उत्पन्न असल्याचा दाखला दिला म्हणून घर लागले, आणि उत्पन्न एवढे कमी म्हणून कर्ज नाकारले. शेवटी तिने खासगी फायनान्सकडून चढ्या व्याजाने पैसे उचलले. घर मिळाले आहे, पण ती आता सहा घरी स्वयंपाक करते.

आणि घरे कुठे? चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी. शहराच्या कडेला. गावात आमची वस्ती वेशीबाहेर होती. शहरात वेस नसते, म्हणून ती नकाशावर आखून घेतली जाते. कडेला जमीन स्वस्त असते हे कारण मला माहीत आहे. पण मध्यवर्ती भागातली आरक्षणे जातात कुठे, हे विचारले की उत्तर मिळत नाही. उत्तर कायद्यातच आहे. आराखडा मंजूर झाल्यावर दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही पालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षण उडते. पालिकेने काही करायचेच नसते, नुसते गप्प बसायचे असते. गरिबांच्या घरांचे आरक्षण उडाले म्हणून कुठल्या अधिकाऱ्याची चौकशी झाल्याचे तुम्ही ऐकले आहे का?

खासगी बिल्डरकडून घरे मिळवण्याचा नियमही आहे. २०१३ मध्ये राज्य सरकारने दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांसाठी नियम केला की, ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करायचा तर वीस टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवून ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची. नियम चांगला आहे. पण अंमलबजावणी? नाशिकमध्ये २०२२ साली हे प्रकरण विधान परिषदेत गाजले. वर्षानुवर्षे हजारो घरे म्हाडाकडे आलीच नाहीत असे आरोप झाले, आयुक्तांची बदली झाली. ४००० च्या आत राहण्यासाठी भूखंडांचे तुकडे पाडले जातात, हाही आरोप झाला. शिवाय नियम मुळात मोठ्या महापालिकांपुरता होता, आणि शहर तर धावते आहे हिंजवडी, चाकण, तळेगावकडे. जिथे उद्याचा कामगार राहणार तिथे या नियमाची घरे प्रत्यक्ष त्याच्या हाती पडायला किती वर्षे लागावीत?

ही वाट जुनी आहे. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यातही हेच घडले. जास्तीची जमीन सरकारजमा होण्यापासून सूट हवी असेल तर दुर्बल घटकांसाठी घरे बांधा, अशी अट होती. त्या घरांचे पुढे काय होते हा प्रश्न शांतिस्टार बिल्डर्स विरुद्ध नारायण टोटामे या महाराष्ट्रातल्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९९० मध्ये न्यायालयाने निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि दुर्बल घटकांची घरे दुर्बल घटकांनाच मिळावीत म्हणून देखरेखीचे आदेश दिले. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला. कायद्याची अंमलबजावणी होत नव्हती हे खरे, पण म्हणून कायदा मोडीत काढणे म्हणजे ताप मोजता येत नाही म्हणून थर्मामीटर फेकणे झाले.

'दुर्बल' कोणाला म्हणायचे याचीही एक गंमत आहे. म्हाडाच्या सोडतीत पूर्वी महिना पंचवीस हजारांपर्यंत कमावणारा अत्यल्प उत्पन्न गटात येई. २०२२ मध्ये मुंबई, पुणे महानगर क्षेत्रांसाठी ही मर्यादा वर्षाला सहा लाखांपर्यंत नेली गेली. आता महिना पन्नास हजार मिळवणारा आयटीतला नवा पोरगा आणि महिना बारा हजार मिळवणारी सफाई कामगार एकाच डब्यातल्या चिठ्ठ्या आहेत. त्या पोरालाही घर परवडत नाही, हे मला मान्य आहे. पण त्याच्यासाठी वेगळी तरतूद करण्याऐवजी आमच्याच ताटात त्याला बसवले. चिठ्ठी दोघांची निघू शकते, कर्ज मात्र एकालाच मिळते.

आता काही जण म्हणतील, हा गरिबीचा प्रश्न आहे, यात जात कुठून आणता? मी आणत नाही, ती दारात उभीच असते. मी नोकरीला लागल्यावर भाड्याने खोली शोधत होतो. एका घरमालकाने नाव विचारले. मग पूर्ण नाव. मग गाव. मग "गावात कुठल्या बाजूला घर?" चौथ्या प्रश्नानंतर खोली "कालच गेली" होती. बाबासाहेब १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एवढा शिकलेला माणूस, संस्थानाचा अधिकारी, खिशात भाड्याचे पैसे. तरी बाजाराने घर दिले नाही. त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला वर्षानुवर्षे आसरा दिला तो परळच्या बीआयटी चाळीतल्या खोल्यांनी. ही चाळ कोणी बांधली? प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार ट्रस्टने, म्हणजे एका सार्वजनिक संस्थेने. भाड्याने दिलेले, सार्वजनिक मालकीचे घर. महाड झाले, गोलमेज झाली, तेव्हा बाबासाहेबांचा पत्ता हाच होता. 'राजगृह' नंतर आले.

म्हणून मला वाटते की, मालकीच्या फ्लॅटइतकाच आपण सार्वजनिक भाड्याच्या घराचा आग्रह धरला पाहिजे. आपल्याकडे तो जवळजवळ संपला आहे. चाकण-तळेगावचा ठेक्यावरचा मजूर दोन वर्षांनी कुठे असेल हे त्यालाच माहीत नसते. त्याला वीस वर्षांच्या हप्त्याचे घर नको, महिन्याला परवडणारी, जात न विचारता मिळणारी खोली हवी. केंद्राने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती, तिची एक इमारत दाखवा म्हटले तर आमच्या भागात मला दाखवता येणार नाही. आणि घरे नाहीत असेही नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी होती. २०१२ मध्ये केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरी घरांची तूट एक कोटी ८८ लाख मोजली आणि त्यातली ९६ टक्के तूट दुर्बल व अल्प उत्पन्न गटाची होती. ज्यांना घरे नाहीत त्यांच्यासाठी ती बांधली जात नाहीत, इतके हे सरळ आहे.

रमाई आवास योजनेचेही असेच. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी ही योजना, महापालिका क्षेत्रात अडीच लाखांचे अनुदान. पण घर बांधायला स्वतःची जागा लागते. शहरात आमच्या माणसाच्या नावावर जागा असती तर रडगाणे कशाला गायलो असतो? बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये अस्पृश्यांच्या वसाहतींसाठी स्वतंत्र आयोग आणि सरकारने त्यासाठी जमीन द्यावी अशी मागणी केली होती. मागणीची सुरुवात जमिनीपासून होती. आपण अनुदानापाशी येऊन थांबलो.

आता चळवळीबद्दल. काही वर्षांपूर्वी एका छोट्या शहराच्या आराखड्यावरील सुनावणीला मी तिथल्या भाडेकरूंच्या वतीने गेलो होतो. टेबलापलीकडचे अधिकारी सभ्य होते, त्यांनी बसायला सांगितले. पहिला प्रश्न विचारला, "सर्व्हे नंबर?" मी म्हणालो, नाही. "गट नंबर? सिटी सर्व्हे?" नाही. मी भाडेकरूंसाठी आलो आहे, या शहरात त्यांच्यासाठी किती घरांची तरतूद आहे ते विचारायचे आहे. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "साहेब, मग तुम्ही बाधित कसे?" माझ्या मागे रांगेत जमीनमालक, बिल्डरांचे आर्किटेक्ट, एका देवस्थानचे विश्वस्त होते. निळा झेंडा खांद्यावर घेणारे आमचे कोणी नव्हते. पुतळ्याच्या जागेसाठी, स्मारकाच्या आरक्षणासाठी आपण हजारोंनी मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण ज्या महिन्यात वीस वर्षांचे शहर ठरते त्या महिन्यात आपल्यातला एखादा वकील, एखादा इंजिनिअर नकाशा घेऊन वस्तीत बसलेला दिसत नाही.

हरकतींवर सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत कायद्याने स्थायी समितीचे तीन सदस्य असतात, म्हणजे लोकांनी निवडलेले. आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे प्रशासकच सर्व काही होते. प्रारूप आराखडा त्याच काळात आला. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन आणि वस्तीसुधार ही कामे नगरपालिकांच्या यादीत घातली, पण नगरपालिकेत कोणी निवडून आलेलेच नसेल तर ती यादी भिंतीवर लावायची का? जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर आता नगरसेवक आले आहेत. पीएमआरडीएचा २०२१ चा प्रारूप आराखडा शासनाने रद्द केला, म्हणजे त्या शेकडो गावांचे नियोजन पुन्हा होणार आहे. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणाने २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे लक्ष्य जाहीर केले आहे. कोणत्या तालुक्यात, कोणत्या गटात, कोणासाठी किती, हे विचारायची वेळ हीच आहे.

मित्रहो, आम्ही काही जणांनी हरकतीचा एक नमुना केला आहे. त्यात चारच मागण्या आहेत. आराखड्यासोबत उत्पन्नगटानुसार घरांच्या गरजेचा तक्ता जोडावा, आणि त्यात भाडेकरू वेगळे मोजावेत. घरांच्या प्रत्येक आरक्षणापुढे संपादनाचे वर्ष आणि अंदाजपत्रकातली रक्कम लिहावी. कामाच्या ठिकाणापासून पायी किंवा एका बसने पोहोचता येईल अशा अंतरात ओटास्कीमच्या धर्तीवर लहान भूखंड आणि पालिकेच्या मालकीची भाड्याची घरे ठेवावीत. वाटपात अनुसूचित जाती-जमातींचा हिस्सा लोकसंख्येप्रमाणे असावा, आणि किती घरे प्रत्यक्ष ताब्यात दिली हे दर वर्षी सर्वसाधारण सभेत मांडावे. नमुन्यात सर्व्हे नंबरचा रकाना आम्ही तसाच ठेवला आहे. त्यात भाडेकरूने आजवर बदललेल्या खोल्यांचे पत्ते लिहायचे. चाकणच्या एका मुलाने परवा लिहिले तेव्हा रकाना पुरला नाही, मागचे पान लागले.